दोन बटणांचा डबा

बाबा, डबा एकदाचा तयार झाला. तुम्ही असतात तर आधी त्याची वायर शोधली असतीत, पण याला वीज लागतच नाही. प्लेअरचा आवाज यातून अँप्लिफायरकडे जातो आणि हा तो फक्त कमी करतो; वाढवायची सोय यात नाही. साधा व्हॉल्यूम कंट्रोल बसवला असता तर काही वर्षांनी तुमच्या टेपसारखा खरखरला असता, म्हणून टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरणारे दोन स्विच घेतले. डाव्या आवाजाला एक, उजव्याला एक, आणि प्रत्येक टप्प्याला आवाज थोडा थोडा अडवणारा रेझिस्टर. सगळी सुट्टी मीटर लावून त्यांच्या जोड्या जुळवत बसले. एका पाकिटातले, सारख्याच रंगीत पट्ट्यांचे, पण दोन अगदी सारखे निघतील तर शपथ!

तुमच्या टेपला बॅलन्सचं, म्हणजे डावा-उजवा आवाज कमीजास्त करायचं, बटण होतं. कंपनीतून महाडच्या घरी आलात की हातपाय धुऊन तुम्ही ते डावीकडे फिरवायचात, आणि सकाळी आई पुसता पुसता ते पुन्हा मधोमध आणून ठेवायची. दोघांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मला मात्र हसू यायचं. आईला कसलंच वाकडं खपत नाही, असं मी धरून चालले होते. मला तुम्ही सारखे ओरडायचात, "तोंडातल्या तोंडात काय बोलतेस गो? जेवली नायस काय?" मग मी पाय आपटत निघून जायचे. परवा पोलादपूरच्या शाळेत शिकवताना डावीकडच्या बाकावरच्या मुलीला मी हेच म्हणाले. ती चांगली मोठ्याने बोलत होती. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मला ते कळलं.

आईने डबा पाहिला आणि विचारलं, "दोन बटणं कशाला?" रेझिस्टर नीट जुळले नाहीत, असं मी ठोकून दिलं. मग सहज टेपच्या त्या बटणाचा विषय काढला, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांचा डावा कान गेलेला. मशीनजवळ उभं राहून राहून. घरी येणारे सगळे कंपनीतले. बटण तिरकं दिसलं की विचारणार नाय काय? कामावर ठेवलं असतं?"

"मग त्यांना सांगायचंस ना, तुला ठाऊक आहे म्हणून."

"त्यांनी सांगितलं काय मला?"

बाबा, मला फार वाईट वाटलं. एवढंसं घर, तीन माणसं, आणि तुम्ही शेवटपर्यंत एकटेच ऐकू न येण्याला घाबरत राहिलात. तुम्हाला आई नीटनेटकी वाटत राहिली असेल, आणि मला तुम्ही चिडके. एकदा जवळ बसून, उजवीकडे बसून, तुमच्याशी बोलायला हवं होतं मी.

हे पाठवायला पत्ता नाही. आईला वाचून दाखवावं असं मनात येतं, पण जीभ रेटत नाही. काल आमच्या मुख्याध्यापक बाई चहाला आल्या होत्या. त्या येण्याआधी मी गाणी ऐकत होते. चांगल्या कानाकडचा आवाज उतरवल्याशिवाय माझ्या डाव्या कानाला काही कळत नाही, म्हणून उजवं बटण चार टप्पे खाली होतं. बाई गेल्यावर पाहिलं तर दोन्ही बटणं एका रेषेत. आई शेजारीच फडकं घडी करत होती. ती आत गेल्यावर उजवं बटण पुन्हा खाली आणलं.