सब हळूहळू वर आण

तिसऱ्या पायरीवर आम्ही थांबलो, कारण तिथे पुरे वाटलं. एक हँडल माझ्या हातात, दुसरं सुताराच्या हातात, मधे तुझं अडतीस किलोचं स्पीकरचं खोकं, आणि वाचनालयाच्या सभागृहात ओळखीचं गाणं चालू. सुताराने विचारलं, "भाऊ, अजून वर न्यायचं की इथेच?" मी म्हटलं, कागदावर लिहिलंय, पुरे वाटलं की थांब. तो म्हणाला, "मला खालीच पुरे वाटलं होतं."

दादा, तुला साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की कंबर धरली आहे आणि हे पत्र मी जमिनीवर पालथा पडूनच लिहितो आहे. इकडे बाकी सगळे बरे. तुझी तब्येत कशी आहे ते सवडीने कळव. फोन तू उचलत नाहीस (दिवसभर लोकांच्या कार्यक्रमांचा आवाज लावणाऱ्याला स्वतःची घंटा ऐकू येऊ नये, हे मी समजू शकतो), आणि खोक्यासोबत तू पाठवलेल्या कागदावरून तब्येतीचं काही कळलं नाही. खरं तर त्या कागदावरून कशाचंच काही कळलं नाही. त्याबद्दलच लिहायचं आहे.

खोकं का मागवलं तेही तुला नीट सांगितलं नव्हतं. आत्या, म्हणजे तुझी आई, तीन वर्षं दंतवैद्यांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. दंतवैद्य गातात आणि साधी गिटार वाजवतात, सुतार ड्रम वाजवतो, मी वायरी गुंडाळतो. या तीन वर्षांत आत्याचा एकही स्वर पहिल्या रांगेपर्यंत पोचलेला नाही. आमचे दोन स्पीकर पिठाच्या डब्याएवढे. जाड स्वर त्यांच्या घशातून बाहेरच पडत नाही. मागच्या आठवड्यात दंतवैद्य फार मऊपणे म्हणाले (दात काढण्याआधी बोलतात त्या आवाजात), की शनिवारी वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटच्या रांगेला बेस ऐकू आला तर ठीक, नाहीतर पुढे बेसशिवायच वाजवू, आत्यांना उगाच ओझं. घरी येऊन आत्याने गिटार कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. त्या कपाटाला कुलूप आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आता तुझा कागद. तो मला पाठ झाला आहे (सब म्हणजे तुझं जाड स्वरांचं खोकं आणि टॉप म्हणजे आमचे दोन स्पीकर, एवढं सुताराला ठाऊक होतं). "एक, मिक्सर, सब, टॉप. दोन, सब आधी एकदम खाली. तीन, टॉप चालू, ओळखीचं गाणं. चार, सब हळूहळू वर आण, पुरे वाटलं की थांब. पाच, उलटा करून बघ, भरीव वाटेल तसा ठेव." मी वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतो. लिहिलं आहे ते वाचणं हा माझा धंदा. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते वाचण्याचे मला कोणी पैसे देत नाही. पहिलं कलम आम्ही निर्विघ्न पार पाडलं: मिक्सरमधली वायर खोक्यात, खोक्यातली दोन्ही स्पीकरना, आणि खोक्याच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असल्यामुळे त्याला विजेची वेगळी वायर. हिरवा दिवा लागला. सुताराने माझ्याशी हात मिळवला. मग दुसऱ्या कलमाप्रमाणे खोकं एकदम खाली, म्हणजे रंगमंचासमोर फरशीवर, ठेवलं. चौथ्या कलमाप्रमाणे पायरी पायरीने वर आणलं. प्रत्येक पायरीवर मी हॉलच्या मध्यावर जाऊन डोळे मिटून ऐकून यायचो. काही फरक पडत नव्हता, पण मला वाटलं, हळूहळूच पडणार, तसंच लिहिलं आहे.

पाचव्या कलमासाठी आम्ही ते उलटं केलं. खाली डोकं वर पाय. भरीव वाटलं ते मला, मणक्यात.

तेवढ्यात आत्या आली. (दंतवैद्यांनी तिला घरून आणलं. कुलूप कोणी उघडलं ते मी विचारलं नाही.) तिने उलट्या खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागद मागितला, चष्म्याशिवायच वाचला. मग खोक्यामागे जाऊन वाकली. "इथे एक गोल बटण आहे, ते शून्यावर आहे. शेजारी एक खटका आहे, शून्य आणि एकशेऐंशी. अरे, तो आवाज वर आण म्हणतोय, खटका उलटा कर म्हणतोय. माझा मुलगा शब्द गाळतो. परीक्षा पास झाला तेव्हा 'झालो' एवढंच लिहिलं होतं, मी दोन दिवस आजारी झाला असं समजत होते."

खोकं सुलटं झालं, खाली आलं. आत्या एकच तार वाजवत राहिली, सुतार बटण कणाकणाने फिरवत राहिला, मी हॉलच्या मध्यावर. खटका एकीकडे केला की स्वर पोकळ व्हायचा, जणू खोकं आणि स्पीकर एकमेकांशी अबोला धरून बसलेत. दुसरीकडे केला की पोटात भरायचा. भरीव ठेवला. मग बटण इतकंच चढवलं, की स्वर खोक्यातून न येता सगळ्या हॉलमधून येतोय असं वाटावं. एक खिडकी खुळखुळली. तिच्या फटीत तुझा कागद घडी करून घातला. त्याचा तेवढा उपयोग झाला.

आणि मग तालमीला पहिलं गाणं सुरू झालं, आणि दंतवैद्य मधेच थांबले. तोंड उघडंच राहिलं (रोज समोरच्यांची पाहतात, आज आम्ही त्यांचं पाहिलं). आत्या वाजवत होती ते त्या गाण्यातलं नव्हतंच. दुसऱ्या गाण्याखालीही तेच. पाचही गाण्यांखाली एकच संथ चाल, तिची स्वतःची. डॉक्टरांना एकच पट्टी येते, म्हणून ती सगळीकडे बसत होती.

"आत्या, हे आपलं नाही."

"तीन वर्षं तुमच्याखाली हेच आहे, डॉक्टर. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, मग मला आवडतं ते वाजवलं."

मला वाटलं, संपलं. आधी न ऐकू येण्यासाठी जाणार होती, आता ऐकू आल्यामुळे जाणार. डॉक्टर सुताराकडे वळले, की निदान तुला तरी कळायला हवं होतं. सुतार म्हणाला, "मला ऐकू यायचं ना. मी तिच्या शेजारी बसतो. मी तिच्याबरोबरच वाजवतो." तीन वर्षं डॉक्टर त्याला 'मागे पडतोस' म्हणून बोलत होते. मग त्यांनी गिटारच्या तारा उगाच पुन्हा जुळवल्या आणि म्हणाले, "बरं. कुठून सुरू करता तुम्ही?"

कार्यक्रम चार वाजता झाला. गाणी नेहमीपेक्षा सावकाश गेली आणि डॉक्टर पहिल्यांदाच श्वास घेऊन गायले. तिसऱ्या गाण्यात भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी खिळ्यावरून निसटली. शेवटच्या रांगेतले ग्रंथपाल उठले. मला वाटलं पाटीसाठी उठले. ते पाटी ओलांडून पुढे आले आणि पहिल्या रांगेत बसले.

तुझा, आडवा,
मामेभाऊ

ता. क. खोकं मंगळवारच्या ट्रकने परत पाठव असं तू कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतंस. ते जमणार नाही. मी विचारत नाही, कळवतो आहे. आत्याने सांगितलं, "त्याला लिही, राहिलं. तेवढंच लिही, त्याला कळेल."

ता. क. दुसऱ्या दिवशी. सकाळी आठ वाजता दंतवैद्य गिटार आणि वही घेऊन आत्याकडे आले. दवाखाना दहाला उघडतो. साडेनऊला मी कंबर धरून निघालो तेव्हा ती दोघं पहिल्याच गाण्यावर होती.