भाषणानंतरचा मंगळवार

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

प्रिय राजेंद्र, सप्रेम जय भीम.

आपण दोघं भाऊ गवंडी, आणि दोघांचं गाऱ्हाणंही एकच. परांचीवर कमरेला बेल्ट बांधला, की सोबतचेच लोक आपल्याला भित्रा ठरवतात. फोनवर हा विषय काढला की तूही हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहितोय.

मी बरा आहे. सहाव्या मजल्याचं बाहेरचं प्लास्टर चालू आहे. आपल्या हातची भिंत ओळंब्याला सरळ उतरली, की दिवसाचं समाधान होतं.

सोमवारी साईटवर सगळ्यांसमोर मी सुरक्षेवर भाषण केलं. टाळ्या पडल्या. मंगळवारी काम असं रंगलं, की बेल्टचा हूक दोरीला अडकवायचाच राहिला. पायाखालची फळी सरकली. जोडीदार कडुबानं दंड धरला, म्हणून वाचलो.

"भाषण लई भारी करतो रं तू, आता हूक लाव की!" तो म्हणाला. सगळे हसले. गुडघा जरा खरचटलाय, आईला सांगू नको.

कामाला कंटाळलेला माणूस निष्काळजी होतो, असं मी भाषणात म्हणालो होतो. ते चूक होतं. ज्याला काम आवडतं, तोच उंची विसरतो. आणि तुला हे काम माझ्याहून जास्त आवडतं.

आईचा खोकला थांबला का? तुझी श्रेया शाळेत रमली का?

गुरुवारी तू गावच्या पाण्याच्या टाकीवर चढणार, असं कळलं. ठेकेदाराकडं बेल्ट माग. तो हसला तर हसू दे. बेल्ट हातात येईपर्यंत शिडीवर पाय ठेवू नको, खालीच बस.

तुझाच,
सांडूदादा