समुद्राकडची शेवटची खोली

३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या रिसॉर्टवर गर्दी नसेल तेव्हा हिला घेऊन राहायला यावं म्हणतो. तू बोलावून थकलीस आणि मी चष्म्याच्या दुकानाचं कारण पुढे करत राहिलो. आता दुकान बंद ठेवतोय. डॉक्टरांनी हिची औषधं थांबवली आहेत. पोटातला आजार लिव्हरपर्यंत गेलाय, आता त्यांना हवं ते करू द्या, म्हणाले. चिमणीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. उपचार संपले, आता हवापालट करू, एवढंच बोललोय. तूही तेच सांग. तिथे कसं असतं, काय आणावं, सविस्तर कळव. भावोजींना नमस्कार.

तुझा,
दादू

९ सप्टेंबर

चि. दादूस अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांनी आणि मी ऑफिसातच वाचलं. या. समुद्राकडची शेवटची खोली ठेवते. पायऱ्या नाहीत आणि पलंगावरून पाणी दिसतं. पण मनाची तयारी करून ये. आमच्या जाहिरातीत शांतता लिहिली आहे, तरी लाटांचा आवाज थांबत नाही. सुरुवातीला डोकं उठतं, मग कान सरावतात. चादरी कितीही वाळवल्या तरी दमटच. नळाचं पाणी मचूळ, प्यायचं वेगळं भरून ठेवते. टीव्ही नाही, वीज वाटेल तेव्हा जाते. व्हरांड्यात खेकडे फिरतात. चिमणीला मजा वाटेल, तू मात्र पाय वर घेऊन बसशील.

आता नीट ऐक. फोन एकच, ऑफिसातला. दवाखाना खाडीपलीकडे. अँब्युलन्स फेरीबोटीवर चढून येते, आणि ओहोटी असली की बोट हलत नाही. हे चालणार असेल तरच निघ.

वाट बघते. माया आहे, ती पत्रात किती लिहू?

ताई

१५ सप्टेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं आणि दवाखान्याचा मजकूर गिळला. मग मी ते स्वतः वाचलं. मला सगळं माहीत आहे, वन्सं. डॉक्टरांशी मी यांच्या आधीच बोलले होते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत बघणारा हा माणूस घरी आला की माझी नजर टाळतो. मला फसवायला इतके कष्ट घेतात की मीही भोळी होऊन बसले आहे.

एक मागते. जे व्हायचं ते तुमच्याकडेच होऊ दे. माझी आई दवाखान्याच्या वाटेवर गेली, अनोळखी माणसांच्या गराड्यात. मी पायाशी बसले होते, तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचता आलं नाही. मला तसं जायचं नाही. वेळ आली की हे घाबरून फोनकडे धावतील. तुम्ही अडवा. तुमच्याखेरीज ते कुणाचं ऐकत नाहीत.

खेकड्यांची चित्रं काढायला रंग आणते आहे. शाळेत चित्रकला शिकवायचे ती पोरं सुटली, आता खेकड्यांची पाळी.

तुमची,
चिमणी

२० सप्टेंबर

चि. सौ. चिमणीस अ. उ. आ.

शब्द दिला. मी फोनला हात लावणार नाही आणि दादूलाही लावू देणार नाही. तुझं पत्र ह्यांनाही दाखवलेलं नाही. इतकी वर्षं माझ्याकडून साधी एक साडी मागून घेतली नाहीस, आणि मागितलंस ते हे. येताना तुझी उशी आण, आमच्या उशा म्हणजे धोंडे आहेत.

तुझी,
वन्सं

२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरी पोचलो. दुकान उघडलंय, पण चष्म्याचे नंबर चुकतात, म्हणून परत बंद केलं. तिथले दिवस हिचे खरंच बरे गेले. माझे वर घेतलेले पाय बघून किती हसायची.

त्या दुपारी तिला रक्ताची उलटी झाली. ऑफिसापर्यंत जाता येईना, तिथेच जमिनीवर बसलो. तू उठलीस आणि फोन केलास. तू नसतीस तर बायकोसाठी काहीच केलं नाही, हे मला जन्मभर खात राहिलं असतं. आपण शेवटपर्यंत प्रयत्न केले, त्याच आधारावर उभा आहे. तुझे उपकार कसे फेडू?

तू धक्क्यावर थांबलीस, म्हणून तुला माहीत नसेल. बोट खाडीच्या मधोमध असताना ती गेली. तोंडावरचा मास्क सारखा ओढून काढत होती, अँब्युलन्सचा माणूस परत लावत होता. वन्सं, वन्सं, एवढंच मला कळलं. पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. तिला काय सांगायचं असेल? तुझ्याशी काही बोलली होती का?

दादू

१० नोव्हेंबर

चि. दादूस अ. उ. आ.

वेळेवर जेवत जा. दुकानात कुणाला तरी मदतीला घे.

माझ्याशी ती वेगळं काही बोलली नव्हती. तुझ्याकडे लक्ष ठेवा, असंच म्हणत असेल. तिला तुझीच काळजी असायची. फार विचार करू नकोस.

मी फोन केला तो तुझ्याकडे बघून. तू जमिनीवर बसला होतास, आणि मला ते बघवलं नाही. ती पलंगावरून माझ्याकडे बघत होती. उपकार वगैरे पुन्हा लिहू नकोस, एवढं माझं ऐक.

इथे ये असं आत्ता म्हणत नाही. मीच तुझ्याकडे येईन. कधी, ते मात्र विचारू नकोस. तुझ्यासमोर बसायला मला थोडा वेळ लागेल.

ताई