मला सहलीला पाठवण्यामागचा डाव

३ नोव्हेंबर, सोमवार
सूनबाईने माझ्यासाठी एका दिवसाच्या सहलीचं तिकीट काढलं. दीपगृह, पडका किल्ला, शेवटी होडीतून समुद्रातल्या गुहा. सोबत गाईड. तिकीट एकच. मी विचारलं, तुम्ही नाही येणार? चिरंजीव म्हणाला, "आम्हाला जरा कामं आहेत, बाबा." बोलताना पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.
काहीतरी शिजतंय. जन्मभर गोदामात स्टोअरकीपर होतो मी. चोर मला चालीवरून कळतो.
निर्णय: जायचं नाही.

४ नोव्हेंबर
सूनबाई गॅलरीत फोनवर, दबक्या आवाजात: "रविवारी या. बाबा नसतील." मी पाणी प्यायला म्हणून दाराआड उभा होतो. (पाणी स्वयंपाकघरात असतं, पण ते असो.)
उलगडा झाला. दलाल! घर विकायला काढलंय. घरात हवेशीर खोली एकच, ती माझी. मी नसताना गिऱ्हाईक आणणार.
नवा निर्णय: जायचं. बेसावध असल्याचं दाखवायचं, अर्ध्यातून परतायचं आणि रंगेहाथ पकडायचं.

६ नोव्हेंबर
परीक्षा म्हणून गुडघा दुखतोय म्हणालो. चिरंजीव लगेच नीकॅप घेऊन हजर. मागे मला ताप आला तेव्हा थर्मामीटर शोधण्यात संध्याकाळ गेली होती. एवढी तत्परता निष्पाप माणसात नसते.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी, बसमध्ये
शेजारी एक रिटायर्ड नर्सबाई. टेकल्या टेकल्या विचारलं, "एकटेच का?" मी एकटा आहे हे हिला कुणी सांगितलं? पाळत ठेवायला बसवलेली दिसते. संत्रं सोलून दिलं. खाल्लं. नाहीतर तिला संशय आला असता.

दीपगृहापाशी
गाईड, एक तरतरीत मुलगी, म्हणाली की या दिव्याने असंख्य जहाजं वाचवली. मी विचारलं, पुरावा काय? ती तशीही बुडणार नसतील! सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. कौतुकाने असावं.
चिरंजीवाला फोन केला. उचलला नाही. मग समोरच्या फ्लॅटमधल्या इंजिनिअरसाहेबांना केला. ते म्हणाले, दोघं-तिघं आत्ताच तुमच्याकडे गेले, बरोबर लांबट खोकं होतं.
मोजमापाचं यंत्र! भिंती मोजताहेत.

दुपारी, किल्ल्यात
छप्पर उडालेलं, तट ढासळलेला. गाईड भरती-ओहोटीबद्दल काहीतरी बजावून सांगत होती. माझं लक्ष नर्सबाईंवर. त्या फोटो काढायला वळल्या आणि मी मागच्या छोट्या दरवाजातून सटकलो. खाली रस्ता असणार, रस्त्यावर बस मिळणार. दिशांच्या बाबतीत माझा अंदाज सहसा चुकत नाही.

नंतर, खडकावर
रस्ता नाही. समुद्र आहे.
आलो तेव्हा वाळू होती. आता तिथे पाणी आहे.
फोन हातातून निसटला, गेला.
पाणी चढतंय. घाबरलेलो नाही. अक्षर वाऱ्यामुळे हलतंय.

संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये
तटावरून नर्सबाईंनीच मला पाहिलं आणि आरडाओरडा केला. मासेमारीची होडी आली. एका दांडग्या माणसाने मला पोत्यासारखं उचलून आत टाकलं. मी सांगितलं की पाहणीसाठी उतरलो होतो. या भानगडीत गुहा राहिल्या. पुढच्या सीटवरच्या बाई नवऱ्याला मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "आपण गुहांसाठीच आलो होतो ना हो?"
गाईडने मला न विचारता घरी कळवलंय. नर्सबाईंनी स्वतःचा स्वेटर माझ्या खांद्यावर टाकला. म्हणाल्या, "घरचे किती घाबरले असतील." म्हणजे ही बाई त्यांच्यातली नव्हे? अजून खात्री नाही.

१० नोव्हेंबर
काल चिरंजीव बस स्टॉपवर उभा होता. मला बघून आधी मिठी मारली, मग ओरडला. मला नुसतं ओरडणंच अपेक्षित होतं.
घरात पाय टाकताच विचारलं, दलाल कुठे लपवलाय? सूनबाई म्हणाली, "कसला दलाल?" हॉलमध्ये ते लांबट खोकं. उघडायला लावलं. आत कीबोर्ड निघाला. गाण्यात वाजवतात तो.
चिरंजीवाचे ऑफिसमधले मित्र जमले होते. गाणी म्हणायला. चिरंजीव गातो, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, मग मी असताना का नाही जमत? सूनबाई म्हणाली, "मागच्या खेपेला तुम्ही प्रत्येकाला पगार विचारलात, बाबा. मग विचारलंत, जाणार कधी?" विचारलं होतं. माहिती घ्यायला नको?
चिरंजीव हळूच म्हणाला, "तुमची खोली तुमचीच आहे हो. आम्हाला फक्त एक रविवार हवा होता." गप्पांतच दुपार झाली, मग पहिलंच गाणं रंगात आलं होतं म्हणे, तेवढ्यात गाईडचा फोन आला. ताटं तशीच राहिली. मित्र घाईत निघून गेले, कीबोर्ड इथेच राहिला.
दलाल असता तर जिन्यावरून हाकलला असता. याचं काय करायचं, सुचत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळीच जाहीर केलं: महत्त्वाचं काम आहे, दिवसभर बाहेर असेन, मित्रांना बोलवा, हवं तेवढं गा. चपला घातल्या.
सूनबाई म्हणाली, "बसा, बाबा. ते आता नाही यायचे." मी विचारलं, कशावरून? म्हणाली, काल त्यांच्यातला एक येऊन कीबोर्ड घेऊन गेला. चहाला थांब म्हटलं, तर उंबऱ्याच्या आत आला नाही. जाताना एवढंच विचारलं, तुमचे सासरे घरी आहेत का?
चिरंजीव पेपर वाचत होता. मी म्हणालो, मग एखादं मलाच म्हणून दाखव. म्हणाला, "आत्ता नको, बाबा."
थोडा वेळ तसाच दारात उभा राहिलो. मग चपला काढल्या.