समुद्रासमोरची खोली

हर्षलच्या बाबांना,
अंदमानच्या बेटावरून जयमालाचा नमस्कार.

आम्ही तिघं सुखरूप पोचलो. विमानात मला काही त्रास झाला नाही. इथे फोन नीट लागत नाही, म्हणून हे कार्ड लिहिते.

गाय व्याली का? कालवड झाली का गोऱ्हा? डेअरीत दूध घालायला चालत जाऊ नका. गुडघा फारच दुखला तर संगमनेरला दाखवून या.

हर्षलच्या मोबाईलवर तुम्ही एवढ्या हौसेने निवडलेली समुद्रासमोरची खोली छान आहे. आपल्या दोघांसाठी म्हणून पलंगावर फुलं मांडली होती. मी ती उचलून खिडकीत ठेवली.

निघताना तुम्ही म्हणालात, "गाय अडली तर कोण बघणार? तुम्ही जा." मी एकदाच म्हणाले, "चला ना." पुन्हा म्हणायला हवं होतं. तुम्ही आला असतात.

काल सूनबाईने हात धरून मला पाण्यात नेलं. लाट आली, पायाखालची वाळू सरकली आणि मी घाबरून "अहो!" म्हणून तुम्हालाच हाक मारली. सूनबाई हसली नाही. तिने माझा हात आणखी घट्ट धरला.

वेळेवर जेवत जा.

तुमची,
जयमाला