अण्णांच्या गाडीची केबल

९ ऑक्टोबर
उंदरांनी केबल खाल्ली! बॅटरीच्या दोन्ही वायरींचं रबर गायब, आतलं तांबं हिरवं पडलेलं. आणि नेमका आजच प्रविणदादाचा पुण्याहून फोन. "अण्णांसाठी दाराशीच बाथरूम बांधायचंय, अंगण मोकळं कर. गाडी आपल्या पायानं चालली तर शेतातल्या शेडात लाव. न्हाईतर भंगारात."

बाथरूम हवंच. लकव्यानं अण्णांची एक बाजू आणि वाचा गेल्यापासून आईच्या कमरेचे हाल चाललेत. पण ही अँबॅसिडर! शिरूरच्या निम्म्या नवऱ्या हिच्यातून सासरी गेल्या. हिच्यातूनच माहेरी परत आलेली मी एकटीच. तेव्हा अण्णांनी वाटभर गाडी हळू चालवली होती.

आई म्हणाली, "दसऱ्याची पूजा तर होऊ दे." म्हणून भंगारवाला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार.

११ ऑक्टोबर
शेजारच्या नाथाभाऊंनी आटलेल्या बोअरमधून काढलेली मोटारीची केबल दिली. आमच्याकडे बोअर मेला की त्याची केबल कपडे वाळवण्यापासून शेळी बांधण्यापर्यंत सगळीकडे चालते. "तांबंच हाय की. तिनी तारा एकात पिळ. नवी कावून आणती?"

बसवली. काळी वायर गाडीच्या पत्र्याला ज्या बोल्टापाशी आवळतात तिथं शेंदराचा जाड थर आहे. दर दसऱ्याला अण्णा तिथं शेंदूर लावायचे. "हा आपल्या गाडीचा मारुती," म्हणायचे. तो खरवडायचा म्हणजे पापच! थर तसाच ठेवला, त्याच्यावरूनच वायर आवळली.

हॉर्न वाजला. दिवे लागले. किल्ली फिरवली — टक्! बस्स, तेवढंच. वायरीला हात लावला तर त्या बोल्टापाशी चटका बसला. केबल बारीक पडली, दुसरं काय.

अण्णा खाटेवरून बघत होते. चांगल्या हाताचं बोट कपाळावर नेऊन घासत राहिले. आईनं गंध लावलं, तर खसाखसा पुसून टाकलं.

१४ ऑक्टोबर
बाजारातून तयार केबल आणली. दुकानदार म्हणतो, "ताई, मालकाला पाठवून द्या. बायामान्साचं काम न्हाई हे." मालक असता तर त्यालाच बांधलं असतं केबलीनं!

चांगली अंगठ्याएवढी जाड. बसवली — टक्. रागारागानं कापून पाहिली. नुसतं रबर, आत चार तारा. वरून कीर्तन आतून तमाशा.

अण्णांचं पुन्हा तेच, बोट आणि कपाळ. आता हे नवीनच खूळ.

१७ ऑक्टोबर
अण्णा आज जेवले नाहीत.

१९ ऑक्टोबर
बीडला जाऊन वेल्डिंगची केबल आणली. पस्तीस एमएमची. मऊ, आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा गच्च भरलेल्या. स्टार्टरला एका दमात भरपूर करंट लागतो, बारीक तारेतून तो जात नाही. इतके दिवस चुकून चुकून एवढं तरी कळलं. नाथाभाऊंनी टोकांना बोल्टात अडकवायचे थिंबल दाबून दिले.

आधी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी वाकवून पाहिली, नखानं तारा पाहिल्या आणि मान हलवली. हो म्हणून! लकवा झाल्यापासून पहिल्यांदा ते मला काहीतरी म्हणाले. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते.

बसवली. टक्!

"स्टार्टरच मेला आसंल दिपाली," नाथाभाऊ म्हणाले. "जाऊ दे आता. लई केलंस तू."

अण्णा खाटेवर अं अं करत कपाळ घासायला लागले. आई गंधाची वाटी घेऊन धावली, ती त्यांनी उडवून दिली. मी ओरडले. लकव्यानं अर्ध्या झालेल्या माणसावर ओरडले. "काय पाहिजे तुम्हाला? बोला ना एकदाचं!"

कसे बोलणार?

२२ ऑक्टोबर
दादाचा फोन. भंगारवाला बुधवारी सकाळी येतोय. मी बरं म्हणाले. भांडायलाही जीव राहिला नाही.

केबल काढून ठेवावी म्हटलं, निदान ती तरी नाथाभाऊंच्या कामाला येईल. पण बॉनेट उघडावंसं वाटेना.

२४ ऑक्टोबर, दसरा
गाडी धुतली. झेंडूचा हार घातला. उद्या जिला तोडणार तिला आज ओवाळायचं! आई म्हणाली, शेंदूर अण्णांच्याच हातानं लागू दे. ताट खाटेवर नेलं.

अण्णांनी शेंदरात बोट बुडवलं आणि ताटाच्या काठाला फासलं. मग तोच शेंदूर नखानं खरवडायला लागले. खालचं स्टील चकाकेपर्यंत खरवडला. आणि माझ्याकडे बघत राहिले.

"डोकं फिरलं गं यांचं," आई रडायला लागली. मीही रडले. मग मीच थोडा शेंदूर घेतला आणि त्या बोल्टावर लावला, आणखी एक थर.

आत्ता ताट घासायला घेतलंय. काठावरची ती चकाकी

२५ ऑक्टोबर
एका किल्लीत!

काल ताट तसंच टाकून विळी घेऊन धावले होते. मारुती पत्र्यापर्यंत खरवडला, उघड्या लोखंडावर केबल आवळली. करंट त्या शेंदरातच अडत होता, अण्णा कपाळ घासून तेच सांगत होते. भंगारवाला आला तेव्हा गाडी दारात धडधडत होती, मागच्या सीटवर अण्णा. शेताकडे निघताना आईनं भीतभीत गंधाचं बोट पुढे केलं. अण्णांनी कपाळ पुढे केलं.