मीटरमागची फांदी

ता. ८ जानेवारी

चि. स्वल्पविरामास,
अनेक आशीर्वाद, आणि एक तक्रार.

तुझं पत्र मिळालं. चार पानं आणि त्यांत पूर्णविराम सहा. लहानपणी तू बोलताना थांबत नव्हतीस, नुसती श्वास घ्यायचीस, म्हणून मी तुला हे नाव ठेवलं. तिशी ओलांडून, दातांच्या कवळ्या घडवण्याइतका नेमका हात कमावूनही तू नावाला जागते आहेस. पत्र लाल खुणा करून सोबत परत पाठवते आहे.

आता गुलाबाचं. माझ्या जुन्या अंगणातून तुला काडी दिली त्याला तीन वर्षं झाली. त्या घराच्या नव्या मालकांनी अंगणात सिमेंट ओतलं, तेव्हा मूळ झाड गेलं. चौथ्या मजल्यावरच्या या घरात माझ्याकडे खिडकीची कड आहे, माती नाही. म्हणजे त्या वासाचं झाड आता तुझ्याकडे एकच उरलं. हे घाबरवायला सांगत नाही, माहितीसाठी सांगते.

त्याचे लाड करू नकोस. हे झुडूप आहे, पाळण्यातलं मूल नव्हे. आठवड्यातून एकदा बुडाशी पोटभर पाणी दे, रोज चूळभर नको. वर्षातून एकदा कुजलेलं खत दे. मावा दिसला तर पाण्याच्या धारेनं धुऊन टाक, औषधाची बाटली आणू नकोस. फुलं येण्याआधी छाटून घे. बाकी त्याचं त्याला बघू दे.

कौतुकाची वाट बघू नकोस. छापखान्यात माझं कौतुक तीन शब्दांचं असे, शेवटच्या प्रुफावर लिहायचे तेवढं: छापण्यास हरकत नाही. भलेभले लेखक त्यावर खूश असत.

माया आहेच. ती पत्रागणिक मोजायची नसते.
तुझी मावशी


ता. २ फेब्रुवारी

ति. मावशीस,
सा. न. वि. वि. आणि हा बघ पूर्णविराम.

तू सांगितलंस तसं केलं. कात्री स्पिरिटने पुसली, देवाचं नाव घेतलं आणि कंबरेएवढं झुडूप गुडघ्याएवढं केलं. माझे यजमान दारात उभे राहून म्हणाले की न्हावीसुद्धा एवढा निर्दय नसतो. त्यांना सांगितलं, मावशीचा हुकूम आहे. ते चहा टाकायला आत गेले. तुझ्या नावाचा हा उपयोग मी घरात बऱ्याच ठिकाणी करते. एकच फांदी राहिली, पाण्याच्या मीटरच्या पेटीमागे गेलेली. तिथवर हात पोचेना, कोपर सोलवटलं, म्हणून सोडून दिली.

आता खरी गोष्ट. आमच्या इमारतीचे अध्यक्ष तुला माहीत आहेत, खिशात कायम मोजपट्टी बाळगणारे टेपकाका. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालची ती आठ फूट बाय तीन फूट माती त्यांच्या डोळ्यांत सलते आहे. तिथं लाद्या बसवून चार स्कूटर लावाव्या असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षांत एक फूल दिसलं नाही, काटे तेवढे दिसले, असं त्यांनी जिन्यात सगळ्यांसमोर ऐकवलं. मलाही चेव आला. म्हटलं, पंचवीस एप्रिलच्या सभेआधी फुलं दाखवते, नाही दाखवली तर लाद्या बसवा, मी चकार शब्द काढणार नाही. शेजारच्या शिंपीणवहिनी साक्षीदार आहेत.

एक विचारू का? यावेळी तुझ्या लाल खुणा शब्दांवर नव्हत्या, दोन ओळींच्या मधोमध पडल्या होत्या. घाईत होतीस का?

तुझ्या रागासकट लोभ हवा आहे.
तुझी स्वल्पा


ता. १० फेब्रुवारी

चि. स्वल्पविरामास,
आशीर्वाद. आज ते जरा कोरडेच आहेत.

तू छाटलंस. हे झुडूप गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर फुलतं. त्या फांद्या तू कचऱ्यात टाकल्यास, म्हणजे या वर्षाची फुलं कचऱ्यात टाकलीस. वरून साऱ्या जिन्यासमोर पैज लावून बसलीस. मी स्वच्छ लिहिलं होतं की फुलं येण्याआधी छाटू नये. अडतीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं. शाळेची पुस्तकं, कायद्याची पुस्तकं, एकदा अख्खा शब्दकोश माझ्या हाताखालून गेला. माझ्या भाचीला चार शब्दांचं वाक्य वाचता येत नाही, हे कळायला एवढं आयुष्य जावं लागलं.

मीटरमागच्या फांदीला बोट लावू नकोस. तुझ्या आळसानं वाचलेली तेवढी एकच आहे.

मावशी


ता. १८ फेब्रुवारी

ति. मावशीस,
सा. न.

तुझं आठ जानेवारीचं पत्र सोबत परत पाठवते आहे. त्यातल्या एका ओळीखाली मी लाल पेन्सिलीनं रेघ मारली आहे. तुझ्या पत्रावर लाल रंग वापरायची माझी ही पहिली वेळ. ती ओळ मी वाचली, यजमानांनी वाचली, शिंपीणवहिनींनी चष्मा लावून वाचली. तिघांनी एकच वाचलं. तू बघ.

मी भांडायला लिहीत नाही. तुझा लेक, आमचा दादा, परवा फोनवर सांगत होता की आई सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसते, पण तासभर पान उलटत नाही. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवते. त्यानं विचारलं तर तू म्हणालीस की अक्षरांची शाई हल्ली फिकी वापरतात. मावशी, शाई तीच आहे गं.

फुलं आली नाहीत तरी चालेल. लाद्या बसल्या तर मी काडी कुंडीत लावीन. पण तू मला पुढच्या पत्रात खरं लिही.

पूर्णविराम मोजून घातले आहेत. माया तेवढी मोजू नकोस.
तुझी स्वल्पा


ता. ५ मार्च

चि. स्वल्पास,
अनेक आशीर्वाद.

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. पत्र आलं त्या दिवशी दुपारच्या उन्हात खिडकीशी बसून मोठं भिंग घेऊन ती ओळ बघितली. ‘नये’मधला न मागच्या शब्दाला जाऊन चिकटला आहे, आणि ये इतका भरून आला आहे की कुणीही त्याला घे म्हणेल. छाटू नये. छाटून घे. एका जागेचा फरक आणि एक फुगलेलं अक्षर. दुसऱ्या कुणाच्या हातचं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

छापखान्यात चूक सापडली की जबाबदार माणसानं समासात सही करायची असा नियम होता. तुझ्या लाल रेघेशेजारी मी सही केली आहे. चूक माझी. तुला जे बोलले ते मागे घेते, आळसाबद्दलचं सोडून.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्षभर मला माहीत होतं. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून या डोळ्यांवर मी माझं पोट भरलं, त्यांच्या भरवशावर चारचौघांत ताठ बोलले. ते परक्या माणसाच्या हाती द्यायचा धीर होत नव्हता. तुझ्या दादाला सांगितलं. तो डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेची तारीख घेऊन आला. उजवा डोळा वीस मार्चला.

आता काम. मीटरमागची फांदी हळूहळू वाकव, एका दिवसात नको, आठवडाभर रोज थोडी. कठड्याच्या गजाला आडवी आणून जुन्या सुती कापडाच्या पट्टीनं सैल बांध. उभी फांदी शेंड्यालाच फुलते. आडवी केली की तिच्या प्रत्येक डोळ्यातून फूट येते. ही शेवटची ओळ नीट वाच: कापायचं काही नाही.

मावशी


ता. २६ एप्रिल

ति. मावशीस,
सा. न. वि. वि. आज पूर्णविरामांचं काही सांगता येत नाही,

तेवीस फुलं आली मावशी, एका फांदीवर तेवीस, मी दोनदा मोजली आणि शिंपीणवहिनींनी एकदा, रंग फिका गुलाबी, मधोमध जरा गडद, आणि वास असा की कवळ्यांच्या कारखान्यातून संध्याकाळी घरी येते तर फाटकाशीच कळतं. सभा काल खालच्या अंगणात होती. टेपकाका मातीची लांबी मोजायला वाकले, ते वाकलेलेच राहिले. मग विचारलं की हा वास कुठून येतो आहे. बाकीचं झुडूप नुसतं हिरवं होतं, फुलं सगळी मीटरच्या पेटीपलीकडे कठड्यावर, त्यांच्या बाजूनं दिसतच नव्हती. मी त्यांना कोपऱ्याला वळसा घालून नेलं. त्यांनी टेप काढून एक फूल मोजलं, पावणेतीन इंच, आणि वहीत लिहिलं. माझ्याच्यानं हसू आवरेना. वहिनींनी भर सभेत विचारलं की स्कूटरचा वास घेणार का कुणी. हात वर झाले ते मातीच्या बाजूनं, टेपकाकांचाही. सभेनंतर हळूच येऊन त्यांनी काडी मागितली.

मी सगळ्यांना सांगितलं की हे माझ्या मावशीचं झाड आहे आणि फांदी कशी बांधायची ते तिनं मला पत्रातून शिकवलं. छाटणीचं नाही सांगितलं. ते आपल्या घरातलं.

पाकळ्या सोबत आहेत, उघडताना सांडू देऊ नकोस. डोळा कसा आहे?

तुझी, लोभानं फुगलेली, स्वल्पा


ता. ९ मे

चि. स्वल्पविरामास,
अनेक आशीर्वाद. हे पत्र मी भिंगाशिवाय लिहिते आहे, शब्दांमधली जागा तपासून घे.

उजवा डोळा उत्तम. डाव्याची तारीख पुढच्या महिन्यात. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. सगळ्यांत खालची ओळ वाचली आणि त्यांना सांगितलं की तिसरं अक्षर तिरपं छापलं आहे. त्यांनी उठून पाहिलं. होतं.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. दुसऱ्यांदा तुझ्या दादानं मागितलं म्हणून मोठ्यानं वाचलं. पाकळ्यांचा वास लिफाफा फोडायच्या आधीच आला. तोच आहे. जुन्या अंगणात दारातून पाऊल टाकताना यायचा तो.

फुलं गळून गेली की मग छाटायचं असतं. त्याला हात लावू नकोस, मी स्वतः येते, कात्री घेऊन. तोवर टेपकाकांना काडी देऊन ठेव. त्यांना सांग, लाड करायचे नाहीत.

तुझ्या पत्रात अकरा चुका होत्या आणि पहिलं वाक्य अजून संपलेलं नाही. लाल पेन्सिल हातात घेतली होती. मग तिनं पत्राखाली एवढंच लिहिलं. ते पत्र परत पाठवत नाही, माझ्याकडेच ठेवते आहे, पण काय लिहिलं ते तुला कळावं म्हणून इथं उतरवते.

छापण्यास हरकत नाही.

तुझी मावशी